खालचा वाघदेव

खरा कुठे आहे ते मी लिहिणार नाही.
एवढंच सांगतो, तिथून तापी दिसत नाही,
आणि वाटेत चप्पल दोनदा काढावी लागते,
एकदा ओढ्यात, एकदा त्याच्यासाठी.

डांबर पाड्यापर्यंत आलं
आणि डांबरामागून शहाद्याच्या जीपा,
जीपांमधून नाशिकची, सुरतेची माणसं.
पहिल्या वर्षी एकानं
मातीच्या घोड्यावर बूट ठेवून फोटो काढला.
दुसऱ्या वर्षी पेरणीआधीच्या पूजेत ड्रोन आला.
रायला पुजारो बोलता बोलता थांबला, वर पाहिलं,
पुढचे शब्द त्याला आठवेनात.
त्या दिवशी बी वाटलं गेलं नाही.

बैठक बसली. निम्मे म्हणाले, साखळी लावा, बंद करा.
भुरकीबाई उठली. तिच्या आमचूरला
व्यापारी देतो नव्वद, ही माणसं तीनशे,
तेही वजन न बघता.
'देव माझाही आहे,' ती म्हणाली,
'पण तो आमचूर घेत नाही.'

मग युक्ती निघाली. कोणाची, ते आता कोणी कबूल करत नाही.
रस्त्याच्या ठेकेदाराचा उरलेला एक दगड
मी आणि खजाननं ढकलत अंजनाखाली नेला.
सागाच्या फळीवर वाघ कोरला, वर चंद्र-सूर्य.
वाघाच्या मिशा जरा जास्तच झाल्या.
शेंदूर लावला. पाटी लावली:
'प्राचीन वाघदेव. गाडी रुपये तीस.'
प्राचीन हा शब्द मास्तरांचा.
रंग ओला होता, बोटाला लागत होता.

रायला म्हणाला, 'तुम्ही बसवताय. तुम्हीच बघा.'

चाललं की.
बोअरला मोटर बसली.
सात पोरी वसतिगृहात गेल्या.
रायलाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नंदुरबारला,
त्याच डोळ्यानं तो येता-जाता
खालच्याकडे बघायचं टाळायचा.

आणि मग चोपड्याहून एक बाई आली.
भर दुपारी, एकटी. मोबाइल पर्समध्ये.
मला विचारलं,
'भाऊ, आठे नवस करा तं फळस का?'
माझ्या हातात पावतीपुस्तक होतं.
मी 'हो' म्हणालो आणि पावती फाडली.
तिनं दगडासमोर एक टोपरं ठेवलं,
लोकरीचं, पिवळं, अजून कोणी न घातलेलं.

ते टोपरं मी पावसाळाभर
पत्र्याच्या डब्यात सांभाळलं.
खजान हसला. मग हसला नाही.

पुढच्या वर्षी ती परत आली.
कडेवर कोणी नव्हतं.
पिशवीत मातीचा घोडा होता,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एक कान दुखावलेला.
मला वाटलं, आता विचारेल, आता शिव्या देईल.
ती म्हणाली, 'त्यानी आयकं, तितलंच बस.'
घोडा ठेवला. चहासुद्धा न घेता गेली.

संध्याकाळी घोडा घेऊन मी रायलाकडे.
म्हटलं, हा वर नेऊ का? खऱ्याकडे?
खोट्यापुढे ठेवणं बरं नाही.
त्यानं घोडा हातात फिरवला,
नव्या डोळ्याजवळ धरला.
'जिथं सोडला तिथंच चरेल,' म्हणाला.
बराच वेळ बिडी ओढली.
'आणि ऐक, त्याला आता उपाशी ठेवू नका.'

आता आम्हाला कोंबडे दोन लागतात.
एक वर, एक खाली.
खालच्या पूजेला एक दिवस साखळी लावायची म्हटलं,
तर हिशोबात दोन-अडीच हजारांचं भोक.
पुन्हा बैठक, पुन्हा भांडण.
मास्तर म्हणाले, पण तो तर आपणच...
भुरकीबाई त्यांना म्हणाली, 'तुम्ही गप्प बसा.'
साखळीचं अजून ठरलेलं नाही.

काल शेवटची जीप गेली.
खिशात तीनशे नव्वद, अंधार पडत होता,
अंजनाखाली तो मिशाळ वाघ,
कानतुटका घोडा.
पाय आपोआप थांबले. चपला काढल्या.
पावतीपुस्तक घेऊन आत कसं जावं कळेना,
म्हणून ते चपलांवरच ठेवलं.